डॉ. डेर्ले यांची छापील चिठ्ठी

आपला दवाखाना संगणकावर न्यायचा असं डॉ. रविराज डेर्ले यांनी ठरवलं, त्यामागे रुग्णांचं हित वगैरे काही नव्हतं. पाथर्डी फाट्यावर जेमतेम दोन वर्षांपूर्वी दवाखाना टाकलेल्या एका डॉक्टरीणबाईंचा फोटो डॉक्टरांच्या संघटनेच्या मासिकात छापून आला होता. खाली ओळ होती, ‘रुग्णांना छापील चिठ्ठी देणारा परिसरातला पहिला दवाखाना’. डेर्ल्यांनी तो फोटो चहा पिताना पाहिला आणि कप खाली ठेवला. अंबडमध्ये बावीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या माणसाने दुसरा नंबर घ्यायचा, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांच्या स्वभावात न बसणाऱ्या गोष्टींची यादी तशी मोठी आहे. चूक कबूल करणं त्यात बरंच वर येतं.

आता त्यांच्या जुन्या चिठ्ठीबद्दल सांगायला हवं. डॉक्टर पॅडवर पेन टेकवत, मग ते पेन कागदाच्या दुसऱ्या कडेला जाऊन थांबे, आणि मधल्या प्रवासात जे काही घडे त्याला औषध म्हणायचं. अशा पाच ओळी. ताप असो, खोकला असो की टाचेची भेग असो, ओळी पाचच. ही चिठ्ठी सबंध नाशकात एकाच माणसाला वाचता येई, तो म्हणजे दवाखान्याला खेटून मेडिकल चालवणारा सोमनाथ. सोमनाथ चिठ्ठीवर एक नजर टाकी, रुग्णाशी दोन शब्द बोले आणि मागे वळून गोळ्या काढी. रुग्ण तीन दिवसांत बरा होई आणि कारखान्यात जाऊन चौघांना सांगे, की डेर्ले डॉक्टरच्या हाताला गुण हाय. निफाडकडून लोक एसटी बदलून येत ते या हातासाठी. डॉक्टरांचाही त्या हातावर फार विश्वास होता. बोलताना ते तो हात टेबलावर अशा बेताने ठेवत, की समोरच्याला नीट दिसावा.

“तुम्हाला विजेचं बिल मोबाइलवर भरता येत नाही,” त्यांच्या पत्नी उज्वला म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे घरातल्या प्रत्येक बेताचं उत्तर त्यांना आधीच आलेलं असतं.

“बिल भरणं आणि वैद्यकीय व्यवसाय यात फरक आहे,” डॉक्टर म्हणाले.

समोरच्या इमारतीतले निवृत्त बँक मॅनेजर सल्ला द्यायला मुद्दाम रस्ता ओलांडून आले. “आमच्या शाखेत संगणक आला त्या दिवशी लोक रांगेत उभे राहिले,” ते म्हणाले, “ते मी निवृत्त झालो तेव्हाही उभेच होते.” शेजारच्या टायरवाल्याने संगणकाचं तोंड पूर्वेला असावं असं सुचवलं. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याचं म्हणणं पडलं, की त्याच्या भाच्याचा मित्र हेच काम निम्म्यात करून देईल. ते नक्की कुठलं काम, हे त्याने विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंच मानलं नाही. एवढं करून संगणकाचं तोंड पूर्वेलाच आलं, कारण वायर तिथवरच पोहोचत होती.

चिठ्ठ्या छापणारी प्रणाली विकणाऱ्या कंपनीकडून ती शिकवायला वैष्णवी नावाची मुलगी आली. प्रणालीचं नाव ‘सुवाच्य’. हे नाव डॉक्टरांना उगाचच खोचक वाटलं. “सर, एकदम सिंपल आहे,” वैष्णवी म्हणाली. पहिल्या तासात ती हे अकरा वेळा म्हणाली, आणि दर वेळी तिचा आवाज थोडा आणखी मऊ होत गेला. आजीला जिना चढवताना लोक जसे बोलतात, तसा तो शेवटी झाला.

घोडं अडलं ते नोंदणीवर. प्रणालीत शिरायचं तर डॉक्टर खरा आहे याची खात्री व्हायला हवी, आणि ती खात्री व्हायची तर सरकारी दप्तरात नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडे येणार. दप्तरातला नंबर होता पंधरा वर्षांपूर्वीचा. तो मोबाइल डॉक्टरांनी, नवा घेतल्यावर, सिमकार्डासकट मेहुण्याला देऊन टाकला होता. लग्नातला आहेर म्हणून. उज्वलाबाईंचा हा धाकटा भाऊ सहादू इगतपुरीच्या बाजूला भातशेती करतो, आणि जुन्या नंबरावर त्याचा फार जीव. डॉक्टरांनी नंबर बदलण्याचा अर्ज केला. अर्ज ‘प्रक्रियेत आहे’ असं उत्तर आलं. तो अजूनही प्रक्रियेत आहे.

तेव्हा रोज सकाळी साडेनऊला डॉक्टर संगणकासमोर बसून सहादूला फोन लावत. सहादूच्या घरात फोन कसाबसा लागतो, पण संदेश पोचेल एवढी रेंज नाही. ती आहे गावच्या शाळेच्या तिसऱ्या पायरीवर. तीन मिनिटांत आकडे टाकले नाहीत तर प्रणाली डॉक्टरांना तोतया ठरवून बाहेर काढी. बाकड्यावर वीस रुग्ण कण्हत असत आणि आत बावीस वर्षांच्या अनुभवाचा धनी विनवणी करत असे, “सहादू, पायरीवर ये रे बाबा.”

“आलो, दाजी. म्हस बांधू द्या.”

पुढचा घोटाळा आठवडाभराने उघड झाला. प्रणाली खबरदारी म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक चिठ्ठीचा संदेश त्याच नंबरावर पाठवत होती. म्हणजे अंबडमध्ये कुणाचं काय दुखतंय हे इगतपुरीत रोजच्या रोज कळत होतं. “दाजी,” सहादू आकडे सांगायच्या आधी म्हणाला, “काल बत्तीस जणांना पित्ताची गोळी दिली तुम्ही. तिकडचं पाणी तपासून घ्या.” दुसऱ्या दिवशी त्याने एका बाईंची चौकशी केली. “त्यांचा ताप उतरला का? नाय, तुम्ही तिसऱ्यांदा तीच गोळी दिली म्हणून विचारलं.” डॉक्टरांचा संताप संताप झाला. पण आकडे मिळेपर्यंत माणसाला रागावता येत नाही, आणि आकडे मिळाल्यावर तीन मिनिटांचं काम असतं.

रुग्णांनीही हौसेने साथ दिली असं नाही. पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर काम करणारा धोंडीराम पाठदुखी घेऊन आला. पूर्वी डॉक्टर त्याच्या पाठीवर हात ठेवत. आता ते एका बोटाने अक्षरं शोधत होते आणि धोंडीराम त्यांच्या डाव्या कानाला आपली व्यथा सांगत होता. शेवटी यंत्रातून कागद बाहेर आला.

“हे बिल हाय का?” धोंडीरामने विचारलं.

“चिठ्ठी आहे.”

“मग तुम्ही लिव्हा ना कायतरी.”

“सगळं छापलंय. आता काय लिहायचं त्यात?”

“छापलं मशीननं,” धोंडीराम म्हणाला. “गुण तुमच्या हाताला हाय.”

डॉक्टर एकाच वेळी सुखावले आणि चिडले. त्यांनी खाली सही ठोकली. धोंडीरामने सहीवरून अंगठा फिरवून पाहिला आणि थोडंफार समाधान करून घेतलं.

पण ‘सुवाच्य’चा खरा त्रास निराळाच होता. तिला औषधांची माहिती होती. डॉक्टरांनी नेहमीच्या पाच ओळी भरल्या, की पडद्यावर लाल चौकट येई. ही गोळी त्या गोळीबरोबर देऊ नये. या वयात एवढी मात्रा जास्त होईल. या दोन्ही गोळ्या मुळात एकच आहेत. बावीस वर्षांत डॉक्टरांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी ‘तरीही पुढे जा’वर बोट दाबलं. प्रणालीने कारण विचारलं. डॉक्टरांनी लिहिलं, ‘अनुभव’. कारण फार त्रोटक आहे, असं प्रणाली म्हणाली. मग त्यांनी दात खाऊन लिहिलं, ‘बावीस वर्षांचा अनुभव’, आणि ते एकदाचं मान्य झालं.

ते कारण छापलं जातं, हे वैष्णवीने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल, सिंपलच्या गडबडीत राहिलं असेल. प्रत्येक रुग्णाच्या हातात आता एक स्वच्छ, वाचता येणारा कागद पडत होता आणि त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘डॉक्टरांनी पाच इशारे डावलले आहेत. कारण : बावीस वर्षांचा अनुभव’. काहींना ती डॉक्टरांची नवी पदवी वाटली.

छपाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी सोमनाथ दवाखान्यात आला होता. बारीक अंगाचा, चष्मा कपाळावर ठेवणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस. हातात तीन छापील चिठ्ठ्या होत्या.

“डॉक्टर, हे असंच द्यायचं का?”

“म्हणजे काय?”

“नाही, म्हणजे... हे सगळं?”

बाकड्यावर आठ माणसं होती. डॉक्टरांचा आवाज तेवढ्यांसाठी पुरेल एवढा मोठा झाला. “सोमनाथ, इतकी वर्षं माझं अक्षर बिनबोभाट वाचलंस आणि आता छापलेलं वाचता येईना? जे लिहिलंय ते द्यायचं. एक गोळी इकडे नाही, एक गोळी तिकडे नाही.”

“बरं,” सोमनाथ म्हणाला आणि चिठ्ठ्या नीट घडी करून घेऊन गेला. तसाही त्याला आता इलाज नव्हता. चिठ्ठीवरची चौकोनी खूण यंत्राला दाखवली, की त्याच्या पडद्यावरही हुबेहूब त्याच पाच ओळी येत.

आता फोटोचं. डॉक्टरांनी मासिकाला इतकी पत्रं लिहिली होती, की शेवटी एका गुरुवारी छायाचित्रकार आला. डॉक्टर रुग्णाच्या हातात छापील चिठ्ठी देत आहेत आणि रुग्ण हसतो आहे, असा फोटो हवा होता. त्या दिवशी हसणारा रुग्ण मिळेना. जे होते ते सहादूच्या आकड्यांची वाट बघून आंबलेले. मग डॉक्टरांनी वरच्या मजल्यावरून आईला बोलावलं. मालनबाईंना सहा वर्षांपासून रक्तदाबाचं औषध चालू होतं. डॉक्टर दर महिन्याला जेवणाच्या टेबलावर, भाजी वाढून घेता घेता, त्यांची चिठ्ठी लिहीत. आईला तपासण्याची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. समोरच तर असते. त्या दिवशी त्यांनी तीच चिठ्ठी संगणकात भरली, लाल चौकटींना अनुभव दाखवला आणि फोटो छान आला. मालनबाई हसल्या, कारण लेक बऱ्याच दिवसांनी त्यांच्याकडे तोंड करून बसला होता.

यानंतर आठच दिवसांत अंबडमध्ये बोभाटा झाला. डेर्ले डॉक्टरच्या हाताचा गुण गेला. ज्यांना पूर्वी तीन दिवसांत उतार पडे, ते आता तीन दिवसांनी पोटात आग घेऊन परत येत. कुणाला मळमळ, कुणाला अंगावर चट्टे. धोंडीराम प्रेसवर उभ्या उभ्या पेंगला. सुपरवायझरने वेळेवर बटण दाबलं म्हणून हात वाचला, आणि त्याला घरी पाठवून दिलं. “पाठीचं दुखणं थांबलं,” धोंडीराम डॉक्टरांना म्हणाला, “पण मी जागा कुठं ऱ्हातोय ते कळायला?” बाकड्यावरची गर्दी विरळ होत चालली. निफाडकडची माणसं त्याच एसटीने पुढे पाथर्डी फाट्यावर उतरू लागली, डॉक्टरीणबाईंकडे. एसटीचा थांबा दवाखान्यासमोरच असल्यामुळे हे सगळं डॉक्टरांना खिडकीतून दिसत होतं.

डॉक्टरांनी दोष आधी प्रणालीला दिला, मग हवेला, मग औषध कंपन्यांना, मग लोकांच्या खाण्यापिण्याला. एवढं करून दोष उरलाच, तेव्हा तो त्यांनी सोमनाथला दिला. नक्कीच हलका माल ठेवत असणार. उज्वलाबाईंनी वहीतून मान वर केली आणि एवढंच विचारलं, “या सगळ्यात बदललं काय आहे, फक्त तेवढं सांगा.” डॉक्टरांनी पुन्हा हवेपासून सुरुवात केली.

शनिवारी मासिक आलं. पान सातवर फोटो होता, डॉक्टर आणि मालनबाई. डॉक्टर अंक घेऊन दोन दोन पायऱ्या चढत वर गेले. मालनबाई स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसल्या होत्या, आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. चार दिवसांपासून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येतेय, असं त्या म्हणाल्या. मग सांगितलं का नाही? “तू त्या पेटीत तोंड घालून बसलेला,” त्या म्हणाल्या, “सांगू कुणाला?”

डॉक्टरांनी सहा वर्षांत पहिल्यांदा आईच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. वरचा आकडा अठ्ठ्याऐंशी. त्यांनी पुन्हा मोजला, कारण आकड्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. मीठसाखरेचं पाणी दिलं, पाय उशीवर ठेवले. टेबलावर ठेवायचा तोच हात त्यांनी आईच्या नाडीवर ठेवला. ते खरोखर घाबरले होते, आणि या एका गोष्टीसाठी त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. तासाभराने आकडा शंभरावर आला. मालनबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, “मला सोमनाथकडं ने.”

“आई, डॉक्टर मी आहे.”

“ठाऊक हाय मला. सोमनाथकडं ने.”

एका बाजूने उज्वलाबाई आणि दुसऱ्या बाजूने डॉक्टर, अशी वरात खाली मेडिकलमध्ये आली. काउंटरपुढे चारपाच गिऱ्हाइकं होती, त्यांत धोंडीरामही होता. त्यांनी वाट करून दिली. सोमनाथने आतून स्टूल आणलं, मालनबाईंना बसवलं आणि काही न विचारता खालच्या कप्प्यातून स्वतःचं रक्तदाबाचं यंत्र काढलं. मालनबाईंनीही काही न विचारता पदर सावरून दंड पुढे केला. दोघांची ती सवयीची गोष्ट दिसत होती.

“आईला काय दिलंस तू?” डॉक्टर म्हणाले.

“तुम्ही छापलं ते. पूर्ण गोळी, दोन वेळा. शिवाय लघवीची गोळी.”

“सहा वर्षं मी हेच लिहितोय.”

सोमनाथने पट्टा सोडला. “सहा वर्षं तुम्ही हे लिहीत होता?” त्याने विचारलं. त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

मग त्याने सगळं सांगितलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, हे डॉक्टरांना अधिक लागलं. दुकान टाकलं त्या वर्षी तो एक चिठ्ठी घेऊन दवाखान्यात विचारायला गेला होता. “तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, अक्षर लागत नाही तर मेडिकल कशाला टाकलंस. मग मी परत विचारलं नाही. माणसालाच विचारायचो. काय होतंय, काय काम करता, जेवलाय का, आधी कशाने बरं वाटलं होतं. त्याला सोसेल तेवढं द्यायचो. बहुतेकांना एक गोळी पुरते, डॉक्टर. काहींना नुसतं दोन दिवस घरी बसा म्हणून सांगितलं तरी चालतं. आजींना सकाळी अर्धी गोळी. दर महिन्याला मोजून.”

“आणि माझ्या चिठ्ठ्या?”

“तारीख लागायची. तेवढी लागायची.”

धोंडीराम डॉक्टरांच्या हाताकडे बघत होता. मग त्याने सोमनाथच्या हाताकडे पाहिलं, आणि मग शहाण्या माणसासारखं वर, पंख्याकडे.

डॉक्टरांना खूप काही बोलायचं होतं. हे बेकायदा आहे, असं एक बोलायचं होतं, आणि ते खरंही होतं. पण ते बोलायला बावीस वर्षं उशीर झाला होता, आणि ज्यांना बरं वाटलं होतं ती माणसं समोर उभी होती. त्यांनी खिशातून पॅड काढलं. आईसाठी चिठ्ठी लिहायला हवी होती, आणि सोमनाथ देत होता त्या गोळीचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

“सांग,” ते म्हणाले.

सोमनाथने सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. एक एक अक्षर सुटं, शाळेत श्रुतलेखन घेतात तसं. ‘सकाळी अर्धी’ लिहून झाल्यावर त्यांनी पेन उचललं. “अजून?” त्यांनी विचारलं.

“बस. एवढंच.”

मालनबाईंनी कागद घेतला, चष्म्याशिवाय लांब धरून वाचला आणि चोळीत घातला. मग त्या स्टुलावरून उठल्या. “सोमनाथ,” त्या म्हणाल्या, “तेवढं याचंही बघ रे. हल्ली लय ओरडतो.”

नको म्हणायला डॉक्टरांनी तोंड उघडलं. काउंटरवरची सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि उज्वलाबाईंनी स्टूल त्यांच्याकडे सरकवलंही होतं. ते बसले. बाही वर केली. सोमनाथने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पट्टा गुंडाळला, हवा भरली.

“जेवलाय का?”

“नाही.”

“वरचा एकशे सत्तर आहे,” सोमनाथ म्हणाला. “गोळी चालू आहे का काही?”

“चार वर्षं. कंपनीवाले फुकट देतात ती.”

“कुणाच्या चिठ्ठीने?”

“माझ्याच,” डॉक्टर म्हणाले.

“मग बरोबर आहे,” सोमनाथ म्हणाला आणि पट्टा सोडू लागला.